डूख धरणारा ओळंबा

मित्रांनो, वजनाने मी अर्धा किलो, वयाने म्हातारा आणि स्वभावाने डूख धरणारा. मला ओळंबा म्हणतात. दोरीला बांधलेला पितळी गोळा आणि वर माझ्याच रुंदीचा लाकडी ठोकळा, एवढाच माझा संसार. गवंडी ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो, तर भिंत सरळ. मध्ये फट पडली, तर भिंत बाहेर कललेली. यात माझी हुशारी काही नाही, कारण सरळ लटकण्यावाचून मला दुसरं काही येतच नाही.

माझा जन्म एका लेथवर झाला. ज्या गवंड्याने मला निवडलं, त्याचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं. बावीस वर्षं आम्ही दोघांनी भिंती उभ्या केल्या. काम संपलं की तो मला पुसायचा, दोरी गुंडाळायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. खिसा लोंबायचा आणि त्याची बायको कुरकुरायची, "अहो, तान्ह्या बाळासारखं काय मिरवता त्याला?"

मग एक ठेकेदार आला. सिमेंट-वाळूच्या ओल्या मालावर एका दिवसात विटांचे आठच थर चढवायचे, हा आमच्या गवंड्याचा नेम होता. ठेकेदाराला मात्र सगळंच कालच्या काल हवं असायचं. "मिस्त्री, आज भिंत माथ्यापर्यंत गेली पाहिजे. नाहीतर उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. गवंड्याने तिथेच थापी खाली ठेवायला हवी होती. त्याने मान डोलावली. संध्याकाळी मी भिंतीला बरोबर शिवत होतो. रात्रीतून ओला माल दबला आणि सकाळी भिंतीने पोट काढलं.

घरमालक ओरडत आला. तेव्हा ठेकेदाराने मला शेपटीला धरलेल्या उंदरासारखं उचललं आणि सगळ्या मजुरांसमोर नाचवलं. "ह्याचा ओळंबाच खोटा आहे. आणि हातही!" असं म्हणून त्याने मला वाळूत भिरकावलं.

मी खोटा! मित्रांनो, त्याच क्षणी मी ठरवलं, एक ना एक दिवस ह्याच्या टाळक्यात पडायचं.

पण खरी चीड वेगळीच होती. आमच्या गवंड्याला ते पटलं. मला वाळूतून उचलून तो घरी आला आणि खिडकीच्या भिंतीकडे तोंड करून झोपला तो उठेचना. दाढी वाढली. कामाचे निरोप आले, तर म्हणायचा, "माझा हातच खोटा आहे, दुसरा बघा." बायको आधी गोड बोलली, मग रागावली, मग आपल्या कामाला लागली. खिडकीचा पडदा सारखा रस्त्यावर उडायचा, म्हणून तिने मला चौकटीच्या बाहेरच्या खिळ्याला टांगून तो आत दाबला. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर मी पडद्याचं वजन झालो.

झोपल्या जागेवरून गवंड्याला दिवसभर मीच दिसायचो. वारा आला की हलणार, वारा गेला की थांबणार. एका दुपारी त्याची नजर माझ्या दोरीवरून शेजारच्या लग्नाच्या फोटोवर गेली. फोटो कललेला होता. त्याने कूस बदलली, डोळे मिटले, पुन्हा उघडले. शेवटी तो उठला, फोटो सरळ केला आणि परत आडवा झाला.

बायकोने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सहज म्हणाली, "कपाटाचा पाय डुगडुगतोय." त्याने पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सरकवली. मग दाराची कडी. मग गळका नळ. एकदा तो जोरात येऊन तीन कामं काढून बसला, तर तिने हातोडी काढून घेतली. "भिंतीला आठ थर असतील. तुम्हाला सध्या रोज एकच."

मग खालच्या मजल्यावरच्या आजींची पायरी फुटली. त्या कामासाठी त्याने मला खिळ्यावरून काढलं आणि पुसलं. किती महिन्यांनी! आजी नव्या पायरीवरून दोनदा चढल्या, दोनदा उतरल्या आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे हो तुमचा." तो त्याच पायरीवर बसून रडला. मीही रडलो असतो, पण मला अजून एक हिशेब चुकता करायचा होता.

काम झाल्यावर मी पुन्हा खिडकीत लटकलो होतो आणि ठेकेदार रोज सकाळी खालून जायचा, बरोबर माझ्या रेषेत. मी दोरीच्या विनवण्या केल्या, तूट गं, एकदाच तूट! दोरी ढिम्म.

एक दिवस तो त्याच नव्या पायरीवरून आमच्याकडे आला. "मिस्त्री, झालं गेलं विसरा. पुन्हा बांधलेली भिंतही कललीय. दोन गवंडी पळाले."

"येतो," गवंडी म्हणाला. "पण ओळंबा तुम्ही धरायचा."

ठेकेदार बांबूच्या परांचीवर चढला. त्याने ठोकळा माथ्याला टेकवला आणि मी खाली आलो. भिंतीत आणि माझ्यात दोन बोटांची फट. सगळे मजूर जमले.

"साहेब, ओळंबा खोटा आहे का?" गवंड्याने खालून विचारलं.

"नाही."

"ऐकू आलं नाही कुणाला."

"खरा आहे!"

"आणि हात?"

ठेकेदार भिंतीकडे बघत म्हणाला, "हातही खरा आहे."

तो वर आणि मी खाली, त्यामुळे टाळक्यात पडायची सोय नव्हती. मी फक्त हललो नाही. एवढा गोड सूड मला आयुष्यात मिळाला नव्हता. गवंड्याने ती भिंत पायापर्यंत उतरवायला लावली आणि नव्याने बांधली. ठेकेदार उन्हात घड्याळ बघत उभा असायचा आणि आठवा थर झाला की आमचा गवंडी शांतपणे थापी धुऊन ठेवायचा.

मित्रांनो, घरात जुनं हत्यार असेल तर ते पुसून ठेवा. आणि कुणी तुम्हाला खोटं ठरवून आडवं पाडलं, तर एकदम उठू नका, जमणार नाही. आधी एक कललेला फोटो सरळ करा. उद्या दुसरं काहीतरी.

त्या ठेकेदाराला माफ कर, असं मात्र मला सांगू नका. सुट्टीच्या दिवशी गवंडी मला अजून त्याच खिडकीत टांगतो. ठेकेदार हल्ली रस्त्याच्या पलीकडून जातो, वर बघत बघत. दोरी नवी आहे, चांगली मजबूत. पण ते त्याला आम्ही कशाला सांगू?