डावीकडचा रस्ता

रबराचे केस... बारीक, उभे, अजून एकही न झडलेले. नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याच्या अंगावर असे केस राहतात आणि दहा-वीस मैल धूळ खाल्ली की झडून जातात, हे यादोरावला ठाऊक होतं. पण असे केस असलेला टायर त्याने वर्षभरात पाहिला नव्हता. मलाया जपान्यांच्या हाती गेल्यापासून गोंदियात नवा टायर म्हणजे परमिट, परमिट म्हणजे साहेबाची सही, आणि सही म्हणजे— इथवर विचार आला आणि त्याने मान वर केली, कारण घनश्याम त्याच्याकडेच पाहत होता.

"काय पाहून राहिला बे?"

"काही नाही. हवा बरोबर हाय का, ते."

घनश्यामने टायर दाबून पाहिला, हसला, आणि घराच्या पायरीवर आईने लावलेला टिळा पुसणार नाही अशा बेताने टोपी घातली. टायरबद्दल तो काही बोलला नाही. यादोरावनेही विचारलं नाही. विचारायला काय हरकत होती? कालपर्यंत विचारलं असतं — कुठून उचलले रे, असं खांद्यावर थाप मारून. आज जीभ उचलेना, आणि आता सहा वाजता विचारलं नाही म्हणजे दिवसभर विचारता येणार नाही हेही त्याला तिथल्या तिथेच कळलं.

निघाले. पुढे घनश्यामची सायकल, आवाज न करणारी, मागे यादोरावची — तिच्या मागच्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावलेला, त्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका. ठप... ठप... रेल्वेचं फाटक, मग मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना धान कापून गेलेल्या बांध्या आणि त्यांच्यावर पौषातलं धुकं. जगन्नाथपुरीपर्यंत जायचं होतं. सायकलने जाऊन समुद्र पाहायचा. मॅट्रिकच्या वर्षी, भाड्याच्या एकाच सायकलवर दोघं आळीपाळीने पडायला शिकत होते तेव्हाची ही गोष्ट. नकाशा घनश्यामने काढला होता, बिडीच्या बंडलाच्या कागदामागे. समुद्र निळ्या शाईने रंगवला होता आणि शाई संपली म्हणून अर्धाच राहिला होता.

पण दोन वर्षं ज्याने समुद्राचं नाव काढलं नाही, त्याला तो गेल्या आठवड्यात कसा आठवला? आणि तोही खरमासात, शुभ काम न करण्याच्या महिन्यात! घनश्यामच्या बापाच्या, मुन्नालालजींच्या घरी या महिन्यात नवी केरसुणीसुद्धा आणत नाहीत. संक्रांत चार दिवसांवर आली होती. चार दिवस थांबला असता तर समुद्र आटला असता का? आणि ती माउली, जी पोराला मंगळवारी न्हाव्याकडे जाऊ देत नाही, तिने खरमासात टिळा लावून त्याला सहाशे मैलांवर धाडलं... कुणीतरी तिला सांगितलं असणार. तिच्या नवऱ्याने सांगितलं असणार. आणि नवऱ्याला?

चोराच्या मनात चांदणं, असं आई म्हणायची. पण इथे चोर कोण, हेच तर ठरायचं होतं.

यादोरावचा मोठा भाऊ जागेश्वर ऑगस्टपासून फरारी होता. आमगावच्या पुढे रुळालगतच्या तारा कापल्या गेल्या, दोघे पकडले गेले, त्यांच्यातल्या एकाने मार खाऊन नाव सांगितलं, आणि मग पोलीस गावात आले. जागेश्वर सापडला नाही म्हणून बाला, म्हणजे वडिलांना, घेऊन गेले. केशोराव पाटील — ज्यांच्या आज्याने गावचा तलाव बांधला, ज्यांच्या शब्दाशिवाय कुणाच्या बांधीत पाणी सुटत नाही — ते दोन दिवसांनी परत आले आणि तेव्हापासून जेवताना उजवा हात वापरत नाहीत. यादोराव गोंदियात शाळामास्तर होता. त्याला शाळेने घरी बसवलं. जागेश्वर सालेकशाच्या पुढे, रुळापासून दोन कोस आत, गोंडांच्या एका टोल्यावर, चार-सहा झोपड्यांच्या वस्तीवर होता. हे दोघांनाच ठाऊक होतं, बाला आणि मला. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं; तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून नव्हे, तर तिला विचारलं तर तिला खरंच ठाऊक नसावं म्हणून.

आणि घनश्यामला? घनश्यामने पाच महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. जागेश्वरभाऊंचं कसं काय, एवढंसुद्धा नाही. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून तो आमच्या तलावात उड्या मारायचा, त्याची साधी चौकशीही नाही. तेव्हा मला वाटलं होतं, किती समजूतदार मित्र! आता, धुक्यातून त्याच्या पाठीकडे बघत पायडल मारताना, त्याच समजूतदारपणाचा वास वेगळा येऊ लागला. बा शिकवायचे — तलावाची गळती पाण्याकडून दिसत नाही. पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, कोरड्या अंगाला उतर, पायथ्याशी चाल. भर उन्हाळ्यात जिथे हिरवळ दिसेल तिथे समज. मी सकाळपासून घनश्यामच्या कोरड्या अंगाला चालत होतो.

"थकला का रे?" घनश्यामने मागे न बघता विचारलं.

"नाही."

"मग बोलून काऊन नाही राहिला?"

"थंडी हाय."

"गाणं म्हणू का?" आणि त्याने खरंच म्हटलं, बेसूर, मोठ्याने, इतकं की बांधीतले बगळे उडाले. असं गाणारा माणूस फितूर असतो का? का नसतो? फितुराचा गळा काय वेगळा असतो?

आमगाव यायला साडेनऊ झाले. बाजाराच्या अलीकडे रस्त्याला फाटा. डावीकडे सालेकसा, उजवीकडे देवरी. यादोराव या जागेची सकाळपासून वाट पाहत होता. घनश्यामने काही बोलू नये, मुकाट्याने उजवीकडे वळावं, एवढंच त्याचं देवाकडे मागणं होतं. तेवढं झालं असतं तर त्याने मनातल्या मनात त्याचे पाय धरले असते.

घनश्यामने पाय टेकला. "डावीकडून चल ना. सालेकसा, दरेकसा, मंग डोंगरगड. माँनं बम्लाई देवीचं दर्शन घ्याले सांगतलं हाय."

"नाही. देवरीवरून."

"काऊन?"

"तिकडं रस्ता नाही. बैलगाडीची चाकोरी हाय नुसती."

"सायकलले चाकोरीच लागते बे."

"घाट हाय. आणि नाल्यावर पूल नाही. अस्वलं हायेत... मोहाच्या झाडाखाली बसून राहतेत. माझ्या टायरले झेपणार नाही. आणि देवरीले गेलं का रायपूरची मोठी सडक भेटते, तिथून सरळ."

यादोरावचं बोलणं संपलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. एक कारण पुरलं असतं. टायरचं तर अगदी खरं होतं. ते सोडून त्याने पाच कारणं मांडली होती आणि त्यातली अस्वलं तर पौषात मोहाखाली... मोह फुलतो फाल्गुन-चैत्रात. हे गोंदियाच्या बिडीवाल्याच्या पोराला कळतं की नाही?

घनश्याम त्याच्याकडे पाहत राहिला. फार वेळ नाही, कुणी घोटभर पाणी पिईल इतकाच. मग म्हणाला, "तू गेला होता का कधी तिकडं?"

"नाही. ऐकलं हाय."

"बरं. देवरी तं देवरी."

आणि तो उजवीकडे वळला. वाद नाही, चेष्टा नाही, बम्लाईसाठी दुसरा शब्द नाही. हाच घनश्याम, जो पानात चुना जास्त झाला तर पानवाल्याशी अर्धा तास भांडतो!

दीड-दोन मैल गेल्यावर ते यादोरावच्या ध्यानात आलं, आणि आलं तेव्हा त्याचे पाय थांबले आणि सायकल नुसतीच उतारावरून जात राहिली. घनश्यामला काही ठाऊक नव्हतं. सकाळी सहा वाजेपर्यंत, साडेनऊपर्यंत, कदाचित काहीच ठाऊक नव्हतं. आता होतं. ते त्याला कुणी सांगितलं? मी. भावाला झाकायला म्हणून जीव खाऊन जो हात पुढे केला, तोच हात बोट दाखवत होता — तिकडे नको, तिकडे नको, तिकडे.

काकांनी असंच केलं होतं. यादोराव आठ वर्षांचा असताना, भादव्यात, तलाव तुडुंब भरलेला, आणि पाळीच्या कोरड्या अंगाला एक ओला डाग दिसला. अशा वेळी त्या डागाला हात लावायचा नसतो. वरून माती आणि दगड टाकायचे, दाबायचं, आणि खरी दुरुस्ती उन्हाळ्यात तळ उघडा पडल्यावर. हे आमच्यात पोराटोरांना ठाऊक असतं. पण काका शंकेखोर माणूस. गळती कुठवर गेली ते बघायला त्यांनी कुदळ घेतली. वीतभर उकरलं, हातभर उकरलं... पाळ फुटली, धान वाहून गेलं, दोन म्हशी गेल्या. काका पुढे दहा वर्षं जगले, पण पाळीवर चढले नाहीत. केवढा शहाणा समजत होतो मी स्वतःला सकाळपासून!

दुपारी एका बोडीच्या काठावर त्यांनी भाकरी सोडल्या. पाण्यात कमळाची वाळकी पानं होती, पलीकडे एक बाई पोहे कांडण्यासाठी धान भिजवत होती. घनश्यामने लोणचं दोन वाट्यांत केलं, मोठा वाटा यादोरावकडे सरकवला.

"एक बात बोलू, यादो?"

"बोल."

"गुस्सा नको करू. त्या रस्त्याले तू असा नाही म्हणू नको. दुसऱ्या कोणापाशी."

यादोरावने घास चावला, गिळला. "कोणत्या रस्त्याले?"

"ठीक हाय," घनश्याम म्हणाला. "कोणत्याच नाही."

मग थोड्या वेळाने, बोटं चाटत — "अन् टायरचं इचारायचं तं इचार ना. सकाळपासून चाकाकडं पाहून राहिला. बापूच्या माल पोचवायच्या सायकलीसाठी परमिट आलं, त्यातले दोन मी काढले. बापूले ठाऊक नाही. आता खुश?"

"मी कायले इचारू?"

"हां. तू कायले इचारशील." त्याचा आवाज पहिल्यांदाच दुखावलेला होता. किंवा तसा काढलेला होता. मुन्नालालजी साहेबाकडे हार घेऊन जातात हे साऱ्या गोंदियाला माहीत होतं, तेव्हा परमिटही खरं असणार. सगळंच खरं असणार. त्या एका वाक्याचे यादोरावने देवरीपर्यंत तुकडे केले. 'दुसऱ्या कोणापाशी' — म्हणजे माझ्यापाशी चालेल. माझ्यापाशी झालंच आहे. हे भावासारख्या मित्राने सावध करणं असेल, किंवा हातात आलेलं झाकून ठेवणं असेल. शब्द तेच राहतात, एकही बदलावा लागत नाही.

देवरी आली तेव्हा ऊन कलंडलं होतं. मोठ्या सडकेवर लष्करी मोटारींची रांग रायपूरकडे चालली होती. वडाखाली सायकली टेकवल्यावर घनश्याम म्हणाला, "तू बस. मी माँले कार्ड टाकून येतो, पोचलो म्हणून. पोस्ट ठाण्याच्या पलीकडं हाय म्हणते." आणि पिशवी तिथेच सोडून गेला.

ठाण्याच्या पलीकडे. अलीकडे थांबायला किती वेळ लागतो?

उठावं, सायकलवर बसावं, रातोरात आमगावला आणि तिथून पुढे... जागेश्वरला म्हणावं, हल इथून. पण मागून कुणी आलं तर मीच त्यांना दारापर्यंत नेलेलं असेल. आणि कुणी येणारच नसलं तर, घनश्याम कार्ड टाकून परत आला आणि मी नाहीसा झालेला दिसलो तर, जे त्याने नुसतं ओळखलं होतं त्यावर मी शिक्का मारलेला असेल. जाणं चूक होतं आणि बसणं चूक होतं. मी बसलो.

मग मी त्याची पिशवी उघडली.

वर धोतर, पंचा, त्याच्या आईचे लाडू. खाली एका जुन्या मफलरीत गुंडाळलेली बाटली: क्विनाइनच्या गोळ्या, गळ्यापर्यंत भरलेली. या दिवसांत दवाखान्यातही चार मागितल्या तर दोन देतात. दोघांना पुरी गाठून परत यायला एवढ्या लागत नाहीत. जंगलात पाच महिने काढणाऱ्याला हिवताप सोडत नाही, हे शहरातल्या पोरालाही कळतं. डावीकडून चल ना, म्हणाला होता. बम्लाई नव्हेच मग. किंवा या गोळ्याही टायरसारख्याच कुठून तरी आल्या असतील, कुणी तरी दिल्या असतील, घेऊन जा म्हणून, बघ कुणाला लागतात ते...

मी आणखी खाली हात घातला. लाडू चुरडले. मी चिठ्ठी शोधत होतो — सहीची, शिक्क्याची, साहेबाच्या हातची, कसलीही. धोतराची घडी मोडली, पंचा झटकला. चिठ्ठी नव्हती. आणि ती नव्हती म्हणून यादोरावला हायसं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. त्याला राग आला, फसवल्यासारखा, रडू येईल असा. चिठ्ठी सापडली असती तर आज सकाळपासून मी जे जे केलं ते सारं शहाणपण ठरलं असतं.

सडकेच्या पलीकडून घनश्याम येत होता. हातात भज्यांचा द्रोण, त्यातून वाफ, आणि तो दोन्ही हातांनी सांभाळत धावत येत होता, थंड होऊ नये म्हणून. "गरम हायेत, लवकर!" तो लांबूनच ओरडला.

यादोरावने पिशवीचं तोंड आवळलं. घनश्याम जवळ येत होता आणि यादोराव त्याच्या तोंडाकडे बघत होता — हे देवा, हा फितूर असू दे. माझा भाऊ वाचू दे, पण हा फितूर असू दे.