सोशिक आणि आरंभशूर

मोजणीवाले काका कार्ड परत घेऊन आले तेव्हा मी कप विसळत होते. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना उभा आणि अरुंद, त्यामुळे येणारा माणूस आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. काका निवृत्त भूमापक आहेत. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता घरी बसून संगणकावर विमानं उडवतात, तीही मोजूनमापून.

"वहिनी, हे सोशिक म्हणून दिलंत," कार्ड काउंटरवर ठेवत ते म्हणाले, "आरंभशूर निघालं."

हे दोन्ही शब्द माझ्या नवऱ्याचे. तो वापरलेली ग्राफिक्स कार्डं घ्यायचा, तपासायचा आणि विकायचा. प्रत्येक कार्डाची वहीत एक ओळ असायची. नाव, मेमरी किती, अर्ध्या तासाच्या चाचणीत सेकंदाला सरासरी किती चित्रं काढली, जास्तीत जास्त किती तापलं, तारीख. आणि शेवटी एका शब्दात स्वभाव. वीज फार खाणारं ते हावरट. पंख्याची कुरकुर करणारं ते रडकं. पहिली पाच मिनिटं जोरात धावून मग तापून मंदावणारं ते आरंभशूर, आणि अर्धा तास राबवलं तरी वेग न सोडणारं ते सोशिक. गिऱ्हाईकं त्याला काटा म्हणायची, तराजूचा काटा. पुढे दुकानाच्या पाटीवरही तेच नाव आलं.

काटा गेला त्याला दहा महिने झाले होते.

मी त्याआधी एकोणीस वर्षं रक्त तपासायच्या लॅबमध्ये होते. लॅब सोडून दुकानात का बसलीस, असं लोक विचारतात. घरी बसवत नव्हतं आणि लॅबमध्ये सगळे मला बघून आवाज बारीक करायचे. इथे कुणी करत नाही. इथे येणाऱ्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की कार्डात दम आहे का. एरवी मला काही वाटत नव्हतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा दुसऱ्याचा होतो, तशी मी सगळीच झाले होते. माझी नणंद दर रविवारी फोन करून, जेवलीस का म्हणावं तसं विचारायची, "वहिनी, रडलीस का गं?" मी म्हणायची, "नाही. तू?" की लगेच तिला हुंदका यायचा आणि मीच तिची समजूत काढायची.

काम मात्र मी शिकले. काटा गिऱ्हाइकाला सांगायचा तेच मी सांगायला लागले. कार्डाच्या आत हजारो छोटे कामगार असतात, ते किती ते बघा. मेमरी म्हणजे त्यांच्यासमोरचा ओटा, तो केवढा ते बघा. आणि सामान आत यायचं दार किती रुंद आहे तेही बघा, कारण कामगार ढीगभर आणि दार चिंचोळं असलं तर सगळे हात बांधून उभे राहतात. डब्यावरच्या मोठ्या नंबराला भुलू नका. नंबरातले पहिले आकडे पिढी सांगतात, शेवटचे दोन त्या पिढीतली पायरी. नव्या पिढीतलं धाकटं कार्ड जुन्या पिढीतल्या थोरल्याकडून सहज मार खातं. एकाच नावाची दोन कार्डं असतात आणि एकाची मेमरी दुसऱ्याच्या निम्मी असते. हे सगळं ऐकून घेऊन गिऱ्हाईक विचारतं, "पण यातलं चांगलं कोणतं?" तेव्हा मी वही उघडायची. काट्यानं लिहिलेला आकडा हा शेवटचा शब्द.

काकांनाही मी वहीतूनच वाचून दाखवलं होतं. एक्क्याण्णव चित्रं, सत्तर अंश, सोशिक.

"माझ्याकडे पंच्याऐंशी येतात," काका म्हणाले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. चार दिवस, दिवसातून तीन वेळा, सगळ्या नोंदी. "आणि तापतं एकोणऐंशीपर्यंत. पहिली पाच मिनिटं उत्तम, मग घसरतं. म्हटलं माझ्या संगणकाच्या पेटीत हवा खेळत नसेल, म्हणून पेटी उघडी ठेवून पाहिलं. तेच."

"पैसे परत देते."

"पैसे नकोत. सहा टक्क्यांनी माझं विमान कोसळत नाही. पण मी काट्याकडून पाच कार्डं घेतली, एकदाही एक चित्र इकडचं तिकडं झालं नाही. आकडा खरा की खोटा, एवढंच सांगा." जिन्याच्या तोंडाशी जाऊन ते थांबले. "मापात पाप करणारा माणूस नव्हता हो तो," असं म्हणाले, पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

ते गेल्यावर मी कार्ड काट्याच्या तपासणीच्या टेबलावर लावलं. त्याचीच पेटी, त्याचाच वीजपुरवठा, त्याचीच चाचणी. पंच्याऐंशी. लॅबच्या सवयीनं तीनदा केली. पंच्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी.

मांडणीवर अजून न विकलेली चौदा कार्डं होती. दुसऱ्या दिवसापासून मी ती एकेक करून लावत गेले. पहिल्या नऊ कार्डांचा आकडा वहीशी तंतोतंत जुळला. उरलेल्या पाचांचा नाही. पाचही वहीतल्यापेक्षा मंद, पाचही वहीतल्यापेक्षा सात ते नऊ अंशांनी जास्त तापलेली. तारखा पाहिल्या. जुळलेली नऊ एका मंगळवारच्या आधीची होती आणि न जुळलेली पाच त्या मंगळवारनंतरची.

मग मी वहीची पानं पुढे उलटत गेले. त्या मंगळवारपासून शेवटच्या पानापर्यंत अठ्ठेचाळीस नोंदी होत्या आणि त्यात एकही आरंभशूर नव्हतं. त्याआधी दर चार-पाच कार्डांमागे एक तरी असायचं. मंगळवारनंतर जगातली सगळी कार्डं सोशिक झाली होती.

खोटं लिहिणारा माणूस असंच लिहितो. वेग थोडा वाढवतो, ताप थोडा कमी करतो, वाईट शब्द गाळतो. अठ्ठेचाळीसपैकी त्रेचाळीस कार्डं लोकांच्या घरी गेली होती, काही त्याच्या हातून, काही माझ्या. तो खोटारडा असेल तर मला त्रेचाळीस जणांना फोन करावे लागणार होते आणि जिन्याखालची पाटी उतरवावी लागणार होती. फोनचं मला काही नव्हतं. पण तो गेला हे मी कसंबसं गिळलं होतं ते एका गोष्टीच्या जोरावर, की जो गेला तो मला पुरता माहीत होता. तेही गेलं तर माझ्याकडे काय उरणार? हा प्रश्न मला पडला, आणि पडूनही काही वाटलं नाही. कप विसळून पालथा घातला, घरी गेले.

लॅबमध्ये आम्हाला एक गोष्ट घोटून शिकवलेली असते. एका माणसाची साखर वाढली तर माणूस तपासा. एका दिवसापासून सगळ्यांचीच वाढली तर मशीन तपासा. मी मशीन तपासायला लागले. त्या महिन्यात कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती, ती काढून जुनी टाकली. फरक नाही. पेटीतले पंखे साफ केले, वीजपुरवठा बदलून पाहिला. फरक नाही. चिपवरचा उष्णता वाहून नेणारा लेप पुसून नवा लावला. एक अंशाचा फरक, म्हणजे नाहीच. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी मी पेचकस आपटला, तो उडाला आणि पलीकडे जाऊन पडला.

पलीकडे म्हणजे चष्मेवालीकडे. आमच्या दोघींच्या दुकानांमध्ये प्लायवूडची भिंत आहे, ती छतापर्यंत पोचत नाही. पेचकस घेऊन बाई स्वतःच आली.

"आता डोळे फोडणार होतीस माझे," ती म्हणाली. "मग चष्मे कुणी विकायचे?"

मी तिला सगळं सांगितलं. का ते ठाऊक नाही. तिनं मध्ये तोंड घातलं नाही, हे तिच्या बाबतीत नवलच.

"खोटं? ते?" ती म्हणाली. "अगं, माझी फ्रेम वाकडी बसली तर गिऱ्हाइकासमोर सांगायचे, हिची फ्रेम वाकडी आहे म्हणून. त्यांना खोटं बोलता आलं असतं तर माझा धंदा दुप्पट झाला असता." मग टेबलाकडे बघून म्हणाली, "पण तू असं बंद दाराआड का करतेस? ते खिडकी उघडून करायचे ना."

"कुठली खिडकी?"

"तुझ्या पाठीमागची. शेवटी शेवटी तर सताड उघडी. एवढी थंडी, ते वारं भिंतीवरून सगळं माझ्याकडे. दोनदा भांडले मी, खिडकी लावा म्हणून. तर म्हणाले, दोन मिनिटं थांबा, जरा दम खातो. दोन मिनिटं कसली, दिवसभर उघडी."

मी उठून खिडकी उघडली. पुन्हा हिवाळा लागला होता. अर्ध्या तासात खोली चौदा अंशांवर आली. मी स्वेटरवर त्याचं जाकीट घातलं आणि काकांचं कार्ड लावलं.

एक्क्याण्णव. ताप सत्तर. अर्धा तास वेग जागचा हलला नाही. सोशिक.

उरलेली पाचही लावली. पाचही वहीशी जुळली. काट्यानं एक चित्रही वाढवून लिहिलं नव्हतं. गार हवेत कार्ड कमी तापतं, कमी तापलं की जास्त धावतं, आणि त्यानं जे समोर दिसलं ते लिहिलं. मला खूप बरं वाटलं असं म्हणायला हवं. पण खरं सांगायचं तर लॅबमधला न जुळणारा रिपोर्ट जुळल्यावर वाटायचं, तेवढंच वाटलं. मी काकांना फोन केला, ते म्हणाले अर्ध्या तासात येतो.

त्या अर्ध्या तासात मी वहीत नवा रकाना आखायला घेतला. खोलीचं तापमान. मंगळवारपासूनच्या अठ्ठेचाळीस ओळींपुढे मी एकेक करून लिहीत गेले, खिडकी उघडी, खिडकी उघडी. विसाव्या ओळीच्या आसपास माझा हात थांबला.

हिवाळ्यात खिडकी उघडावी लागणारा माणूस कार्डं गार करायला उघडत नाही. तसं असतं तर त्यानं ते लिहिलं असतं. त्याला हवा हवी होती. तारखा पाहिल्या. मंगळवार ते शेवटचं पान, अकरा आठवडे. एकही नोंद न चुकता. याच अकरा आठवड्यांत तो घरी दोन उशा घेऊन झोपायला लागला होता. मानेला बरं वाटतं, म्हणाला होता. घरचा जिना चढून आला की दारातच थांबायचा, बुटाची नाडी सोडायच्या निमित्तानं खाली बसायचा. मी त्याच्यासमोरून ताट घेऊन जायची. दिवसाला साठ जणांचं रक्त माझ्या हाताखालून जात होतं. हृदय थकत चाललं की काय काय होतं ते मला पाठ होतं, कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. डॉक्टर म्हणाले होते, झटका मोठा होता, कळायला वेळच मिळाला नसेल. मीही सगळ्यांना हेच सांगत आले होते. आणि माझ्यासमोर अकरा आठवड्यांचा रिपोर्ट पडला होता, त्याच्याच अक्षरात, तारीखवार.

काका आले. मी त्यांना खिडकी दाखवली, कार्ड पुन्हा चालवून दाखवलं. त्यांनी स्वतःच्या घड्याळावर वेळ लावली. एक्क्याण्णव आल्यावर त्यांचा चेहरा उजळला, आपला कुणी तुरुंगातून सुटावा तसा.

"म्हणजे खरंच होतं," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं. काटा तो काटा." कार्ड पिशवीत घालताना त्यांच्यातला भूमापक जागा झाला. "पण एक चूक झालीच म्हणा. परिस्थिती बदलली की ती नोंदवायला हवी. माझ्यासारख्याचं ठीक आहे, पण बाकीच्यांना कसं कळणार? त्यानं लिहायला हवं होतं."

"मला सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"तुम्हाला? तुम्ही तर तेव्हा दुकानात नव्हतात."

"मी घरात होते."

काकांना काही कळलं नाही. ते पिशवी धरून उभे राहिले. मला राग आला. दहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं आणि तो राग होता, पायापासून वर चढत आलेला. चष्म्याच्या वाकड्या फ्रेमबद्दल चारचौघांत बोलणारा, कार्डाच्या पंख्याची कुरकुर वहीत लिहिणारा हा माणूस, रोज माझ्यासमोर बसून जेवला आणि एक शब्द बोलला नाही. मी वही उचलून टेबलावर आपटली.

"मेल्या," मी ओरडले, "मला सांगायचं होतंस ना!"

भिंतीपलीकडे चष्मेवालीचं मशीन बंद झालं. काकांनी पिशवी खाली ठेवली. मी त्याला कोणत्या शब्दानं हाक मारली ते माझ्या कानावर पोचायला थोडा वेळ लागला, आणि पोचलं तेव्हा मी तिथेच, तपासणीच्या टेबलाला धरून, खाली बसले.