भानुमतीचा तिसरा फ्यूज

तिसरा फ्यूज उडाला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि संध्याकाळी मंडळाच्या कोजागिरीत भानुमती गिटार वाजवणार होती. चारचौघांत, आयुष्यात पहिल्यांदा! पण मुंबईहून आणलेला तो व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर हट्टालाच पेटला होता. बटण दाबलं की दिवा लागायचा, मिनिटभर घूं व्हायचं, की फट्!

सासरे आप्पासाहेब जुन्या दरबारी शिलेदारांच्या घराण्यातले. मुलाने दोन महिने विनवलं तेव्हा कुठे "वाजवू दे" एवढंच बोलले होते. आज फसलं तर ते "पुढच्या वर्षी बघू" म्हणणार, आणि त्यांचं पुढचं वर्ष कधी उजाडत नसे, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

शेवटी सियागंज बाजारातून रघुवीर आला. रेडिओ दुरुस्तीत त्याचा हात धरणारा इंदुरात कुणी नव्हता, असं निदान तो स्वतः तरी म्हणे.

"वहिनी, फ्यूजच्या जागी जाड तार नका घालू हां! ट्रान्सफॉर्मर जळेल, मग खेळ खलास."

भानुमतीने हातातली तार गुपचूप पदराआड सरकवली.

त्याने सगळे व्हॉल्व्ह उपसून चौथा फ्यूज लावला. फ्यूज टिकला. मग बाकीच्यांना जास्त दाबाची वीज पुरवणारा एकच व्हॉल्व्ह परत बसवला. फट्!

"देखो! बाकीचे बिचारे बेकसूर. गडबड खाली आहे."

आत साठलेली वीज उतरवून त्याने पेटी उलटी केली, बॅटरीचा झोत टाकला आणि खो-खो हसत सुटला. एका व्हॉल्व्हच्या बैठकीवर दोन पिनांमध्ये काळी जळकी रेघ उमटली होती, आणि भोवती हळद, कुंकू, चिकट मध.

"वहिनी, हिला पंचामृत कुणी पाजलं हो? वरच्या जाळीतून गळलंय सगळं. इथूनच वीज पळतेय!"

भानुमती थिजली. खंडेनवमीला घरातल्या तलवारींची पूजा आप्पासाहेब दार लोटून एकटेच करत. त्या खोलीत दुसऱ्या कुणाची जायची छाती नव्हती. आणि त्या दिवशी ही ॲम्प्लिफायरची पेटी त्याच खोलीत होती.

"मीच केलं," दारातून आवाज आला. आप्पासाहेबांचे कान लाल झाले होते. "तलवारी आता कोण चालवतो? या घरात चालतं हत्यार तेवढं एकच. त्याला वगळून पूजा कशी करायची?"

तिचे डोळे भरून आले. "मामंजी, मला वाटायचं तुम्हाला माझं वाजवणं खपत नाही."

"कोण म्हणालं? रोज दुपारी झोपेचं सोंग करून पडतो, ते काय उगाच?"

"अरे वा, आप्पासाहेब!" रघुवीर म्हणाला. "पण पुढच्या खेपेला पूजा लांबूनच, काय भिया?"

आप्पासाहेबांना असं इंदुरी थाटात भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारा तो जगातला पहिलाच माणूस असावा. ते चक्क हसले.

रघुवीरने जळकी बैठक काढून जुन्या रेडिओतली दुसरी बसवली, सगळे व्हॉल्व्ह जागच्या जागी घातले आणि चौथा फ्यूज लावला. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. घूं चालूच राहिलं. भानुमतीने आडव्या ठेवलेल्या गिटारच्या तारांवर पोलादी पट्टी ठेवली आणि हलकेच सरकवली. सूर सगळ्या घरात भरला.

आप्पासाहेबांनी खुर्ची ओढली आणि तिच्या समोर बसून, टक्क उघड्या डोळ्यांनी, ते ऐकत राहिले.