आप्पांच्या डाव्या कानाजवळचा स्पीकर

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो. किती जुना, असं विचाराल तर हसाल. माझं वय चार वर्षंसुद्धा नाही. पण गाडीतून उपटून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की कालचा स्पीकरही जुनाच ठरतो. मी आकाराने तळहाताएवढा. माझ्यासारख्यांना 'कंपनी फिटेड' म्हणतात. हे दोन शब्द बोलताना लोक नाक कसं मुरडतात ते एकदा बघा, म्हणजे माझं दुःख तुम्हाला निम्मं तरी कळेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला एका जीपगाडीच्या छतात बसवलं. साध्या मोटारीत स्पीकर दारात असतात. पण आमची गाडी खडकावरून, चिखलातून, ओढ्याच्या पाण्यातून जायची. दारात पाणी शिरलं तर स्पीकर गेलाच म्हणून समजा. म्हणून कंपनीतल्या कुणीतरी डोकं चालवलं आणि आम्हाला वर टांगलं. मागच्या डाव्या सीटच्या नेमका वर मी होतो. तिथे बसणाऱ्या माणसाच्या कानापासून माझं अंतर फार तर वीतभर. माझा आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. मला जे मिळे तेच मी बाहेर देई, त्यात माझं काही घालत नसे.

गाडी सोलापूरच्या गुरुशांतने घेतली. त्याचं नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. घरी तो आणि त्याचे वडील मल्लप्पा, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. मल्लप्पांना सगळे आप्पा म्हणत. ते मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे. तरुणपणी सोलापुरात आले आणि सगळी उमर यंत्रमागाच्या कारखान्यात चादरी विणण्यात घालवली. ज्यांनी तो कारखाना चालू असताना ऐकला आहे त्यांना सांगायला नको. तिथे शेजारचा माणूस ओरडला तरी नुसते ओठ हललेले दिसतात. आप्पांनी उजवा कान त्या कारखान्यातच ठेवला, आणि डावा अर्धामुर्धा घेऊन घरी आले. मोबाईल कानाला लावला तर त्यांना फक्त खरखर ऐकू येई. कानात घालायचं यंत्रही आणलं होतं, पण त्यात भांडी, कुत्री, रिक्षा आणि माणसं सगळी एकदमच ओरडतात म्हणून ते त्यांनी देवळीत ठेवून दिलं.

आप्पांची लेक महेश्वरी हुबळीला दिलेली होती. एकदा मैंदर्गीला जाताना तिचा फोन आला. गुरुशांतचा मोबाईल गाडीला जोडलेला होता, त्यामुळे तिचा आवाज माझ्यातून आला. आप्पा मागे डाव्या सीटवर पेंगत होते. ते खाडकन सरळ बसले आणि वर माझ्याकडे बघू लागले.

"अव्वा!" ते म्हणाले. लेकीला ते लाडाने अव्वा म्हणत. "ऊटा आतेन?"

जेवलीस का, हे ते नेहमी कानडीतच विचारत.

"आप्पा, तुमाला माजं ऐकू येतंय?" महेश्वरी म्हणाली.

"येतंय की! सगळं येतंय!"

गुरुशांतने गाडी बाजूला घेतली. बापलेक बोलत राहिली आणि आप्पांच्या गालावरून पाणी वाहत राहिलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

मग दर रविवारी दुपारी ठरूनच गेलं. गल्लीत उभ्या गाडीची पुढची सीट दुमडून आप्पा कण्हत-कुथत मागे चढत. गुरुशांत फोन लावून काचा बंद करी आणि चहा प्यायला आत निघून जाई. नंतर गाडीत फक्त आप्पा, मी आणि माझ्यातून येणारी महेश्वरी.

तिचं तिथे बरं चाललेलं नव्हतं. हे तिने एकदम सांगितलं नाही. आधी म्हणाली, नवरा जरा तापट आहे. मग म्हणाली, हात उचलतो. अमरेश त्याचं नाव. त्याचं कापडाचं गोडाऊन होतं आणि गुरुशांतच्या दुकानात निम्मा माल तिथूनच येई. स्थळही गुरुशांतनेच आणलेलं. त्यामुळे भावाला यातलं काही सांगू नका, असं तिने आप्पांना बजावलं होतं.

"आजच येतो मी. चल घरला," आप्पा म्हणाले.

"नगं आप्पा. अजून जरा बगते. न्हायच जमलं तर सांगीन."

"मग असं कर. लई बोलू नगंस. 'शब्द टाकला' एवडंच म्हण. मी गाडी घिऊन तुज्या दारात हुबा ऱ्हातो. मागनं कोन काय म्हणंल ते मी बगतो."

"खरं न्हव?"

"खरं म्हंजे? बाप हाय मी तुजा."

हे बोलणं माझ्यातून गेलं, मित्रांनो. त्या मुलीला जगात एकच आधार होता आणि तो माझ्याखाली वीतभर अंतरावर बसलेला होता. मी तेव्हापासून रविवारची वाट बघू लागलो. धास्तीनेच बघत असे.

आता गुरुशांतच्या मित्रांकडे वळतो. नाइलाज आहे म्हणून वळतो. जीपवाल्या पोरांचं एक टोळकं होतं. रविवारी सकाळी ती टेंभुर्णीच्या पुढे भीमेच्या काठाने गाड्या चिखलात घालत, बाहेर काढत, आणि पुन्हा घालत. त्यात शहाणपण काय ते मला कधी कळलं नाही, पण ते असो. त्यांच्यातला उदयसिंह एकदा आमच्या गाडीत बसला, गाणं लावलं आणि लगेच बंद केलं.

"काय बे गुरू, येवडी गाडी घेतलास आन् आवाज डब्यातल्या माशीचा? कंपनीचं काडून टाक लका. लोकांना कळाय पायजे कोन येलालंय ते."

आठ दिवसांत गाडी सिस्टीम बसवणाऱ्या दुकानात उभी होती. तिथल्या माणसाने छताला हात घातला. माझी वायर त्याने सोडवली नाही, कटरने कापली. माझ्या जागी एक भोक उरलं. मागची डावी सीट बोल्ट काढून बाहेर ठेवली, कारण वूफरचा पेटारा तिथेच मावत होता. दारांत नवे स्पीकर आले, पेटाऱ्याला निळे दिवे लागले. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा शेजारच्या टपरीवरच्या बरण्या थरथरल्या आणि सगळे खूश झाले. मला पिशवीत घालून तो माणूस म्हणाला, "ह्ये असू द्या सीटखाली. गाडी इकताना परत बसवता येतंय." म्हणजे माझी आठवण व्हायची ती गाडी विकतानाच.

गुरुशांतला वाटलं, आपण वडिलांचं कल्याणच केलं. घरी येताच त्याने आप्पांना पुढे बसवलं आणि आवाज चढवला.

"आता कसं, आप्पा? हितनं मैंदर्गीपत्तर ऐकू जातंय की न्हाय?"

आप्पांनी छातीवर हात ठेवला. "हितं वाजतंय रं. कारखान्यात हुबा केल्यागत वाटलालंय. पन शब्द कळंना गेलेत."

"थांबा, अजून वाढवतो."

बहिऱ्या माणसाला मोठा आवाज हवा असतो, असं ज्यांचे कान चांगले आहेत त्यांनाच वाटतं. कारखान्याने आप्पांचे बारीक आवाज खाल्ले होते. 'स', 'त', 'क' असल्या अक्षरांचे आवाज बारीकच असतात आणि माणसाचं बोलणं त्यांच्यावरच उभं असतं. धडधड त्यांना आधीपासूनच ऐकू येत होती. ती तर झोपेतही ऐकू येई. नव्या सिस्टीमने त्यांना तीच आणखी भरभरून दिली, आणि कानाजवळ जे काही होतं ते काढून घेतलं.

पुढच्या रविवारी फोन लावला तेव्हा महेश्वरीचा आवाज गल्लीभर घुमला. पलीकडच्या सुंदरम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आप्पा, आवाज असा का घुमतोय? तितं कोन कोन हाय?" महेश्वरीने विचारलं.

आप्पांना काही कळलं नाही. ते नुसतं हसून "व्हय, व्हय" म्हणाले. महेश्वरीने "बरं हाय सगळं" म्हणून फोन ठेवला. मी सीटखालच्या पिशवीत होतो. मला सगळं ऐकू येत होतं, कारण नवी सिस्टीम खरोखरच जोरदार होती. मला बोलता तेवढं येत नव्हतं.

दोन-तीन रविवार असेच गेले. मग आप्पांनी गाडीत बसणं सोडलं. गुरुशांत स्वतःच बहिणीशी बोले आणि आप्पांच्या डाव्या कानात ओरडून सांगे, "बरी हाय म्हणली!" आप्पांना तेवढं पुरेसं नव्हतं, पण मागायचं कुणाकडे?

दिवाळीच्या आधी दुकानात गर्दी होती. गुरुशांत एकटाच गाडी घेऊन निघाला होता तेव्हा फोन आला.

"दादा, आप्पांना एक निरोप दे. मी शब्द टाकला म्हणावं."

"कसला शब्द?"

"त्येंना ठावं हाय. तू फकस्त सांग. आजच्या आज सांग."

ती रडत नव्हती. रडण्याच्या पलीकडे गेलेल्या माणसाचा आवाज कसा असतो ते मला माहीत आहे, तो फार सपाट असतो. गुरुशांतलाही तो ऐकू आला. चार स्पीकर आणि एक वूफर लावून ऐकू आला.

"अमरेशचं काय झालंय का?" त्याने विचारलं.

"सांगतोस न्हव आप्पांना?"

"सांगतो."

घरी आला तेव्हा आप्पा पायरीवरच बसलेले होते. त्यांनी हाताची बोटं कानाशी नेऊन खूण केली, फोन आला होता का?

गुरुशांत गाडीपाशीच थबकला. मग वाकून त्यांच्या कानात म्हणाला, "आल्ता. बरी हाय म्हणली!"

मित्रांनो, हा मुलगा दुष्ट नव्हता. वडिलांच्या गोळ्या तो वेळेवर आणी, त्यांना हाताला धरून पायऱ्या उतरवी. त्याने एवढाच विचार केला असणार, की दिवाळीचा माल त्या गोडाऊनमधून यायचा आहे, नवराबायकोचं काय, आज भांडतात उद्या बोलतात, आणि म्हाताऱ्याच्या जिवाला घोर कशाला. असले विचार आपण चांगली माणसं असल्याच्या खात्रीनेच करतो. पण मला त्याचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

महेश्वरीने पुन्हा फोन केला.

"दादा, सांगितलास का?"

"सांगितलं की."

"मग काय म्हणले?"

गुरुशांतने गाडीचा वेग कमी केला. "म्हणले, जरा दमानं घे म्हणावं."

मग ती म्हणाली, "आप्पा असं म्हणले?"

"व्हय."

त्यानंतर तिचे फोन बंद झाले.

संक्रांतीच्या आधी ती एक दिवस स्वतःच आली. रिक्षातून उतरली. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. डाव्या हातात एक पिशवी. गाडी दारातच उभी होती, काचा उघड्या होत्या. आप्पा धावतच बाहेर आले. आधी त्यांना लेक दिसली, मग हात.

"अव्वा! काय झालं ग ह्ये?"

ती त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "मी शब्द टाकला हुता, आप्पा. दिवाळीच्या आधी. तुमी दमानं घे म्हणलासा."

या वेळी त्यांना एकूण एक शब्द ऐकू आला. ते दारात उभ्या असलेल्या गुरुशांतकडे वळले.

"मी म्हणलो व्हय रं असं?"

गुरुशांतने बहिणीची पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"तुला इचारतोय. मी म्हणलो?"

"मला वाटलं, निवळंल," गुरुशांत म्हणाला.

आप्पांनी त्याच्यावर हात उगारला नाही की शिवी दिली नाही. आत जाऊन आपले चार कपडे घेतले, लेकीच्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि तिला मैंदर्गीला, आपल्या भावाच्या घरी घेऊन निघाले. गुरुशांत गाडीची किल्ली घेऊन पुढे आला, तर आप्पा म्हणाले, "नगं. एष्टी हाय." जाताना महेश्वरी त्यांच्या उजव्या बाजूने चालत होती. मी ऐकलं, ती म्हणत होती, "मी तुमाला लई बोल लावला आप्पा, मनातल्या मनात. दोन महिने लावला." आप्पा सरळ पुढे बघत चालत राहिले. त्या बाजूचं त्यांना ऐकू येत नाही.

पुढच्याच आठवड्यात गुरुशांतने पेटारा काढून टाकला. मागची सीट बसवली. मला पिशवीतून काढून छतात परत लावलं, कापलेल्या वायरी पिळून वर टेप गुंडाळली. मी पहिल्यासारखाच स्वच्छ वाजतो आहे. आता रविवारी दुपारी गुरुशांत स्वतःच मागे माझ्याखाली येऊन बसतो आणि बहिणीला फोन लावतो. घंटी वाजत राहते, माझ्यातूनच वाजते, आणि आपोआप बंद होते. मग तो पुन्हा लावतो. मला त्याची कीव यायला हवी, पण येत नाही.

मित्रांनो, घरात नवी वस्तू जरूर आणा. पण जुनी काढण्याआधी, ती कुणाच्या कानाशी, कुणाच्या हाताशी होती ते बघा आणि त्या माणसाला एकदा विचारा. आणि कुणी भरवशाने निरोप सांगितला तर तो जसाच्या तसा पोचवा. तो गोड करू नका, लहान करू नका, समोरच्याला झेपेल का हे तुम्ही ठरवू नका. मी स्पीकर आहे, मला निरोप बदलताच येत नाही. तुम्हाला येतो, म्हणून हात जोडून सांगतो.