बोटभर माती

नऊ दिवस बंद असलेलं रोपवाटिकेच्या शेडचं दार उघडलं आणि जमलेली गर्दी पुढे सरसावली. कोकोची जी रोपं माना टाकून बसली होती, त्यांतली बहुतेक ताठ उभी होती. प्रत्येक रांगेच्या टोकाला बुवांचा लाल दोरा. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. बुवा मात्र असले चमत्कार रोजचेच असल्यासारखे उभे होते.

"रोपांना बाधा होती," ते म्हणाले. "नऊ दिवस आत माणसाची सावली पडू दिली नाही. बाधा उपाशी मेली."

रोपवाटिका सांभाळणाऱ्या ताईंना या उपाशी बाधेचं हसू यायला हवं होतं, पण आला तो संताप. पाणी कमी घाला, असं त्या दोन महिने घसा कोरडा करून सांगत होत्या. ऐकलं कुणी? इथली सवयच अशी, की शेडमधून जाणाऱ्याने हातातलं भांडं रोपांवर रिकामं करायचं. कारकून डबा विसळून पाणी तिथेच ओतायचा, सुतार तिथेच तोंड धुवायचा. पाणीवाले काका तर सकाळ-संध्याकाळ नळीच सोडायचे. पान मलूल दिसलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा आणि ते आणखी पाणी घालायचे. पान आणखी मलूल व्हायचं. ताईंचं दोन महिन्यांचं काम बुवांनी एक दार लावून केलं होतं.

तेही ताईंनी गिळलं असतं. रोपं जगली, श्रेय कुणी का घेईना. पण तेवढ्यात मळ्याच्या मालकांनी जाहीर केलं, की परवा उतारावर लावलेल्या दोन हजार रोपांनाही बुवा दोरा बांधतील आणि तिथेही नऊ दिवस कुणी फिरकायचं नाही.

उतारावरची माती रेताड, घातलेलं पाणी बघता बघता खाली निघून जायचं. कोवळ्या मुळांनी अजून तिथे पकडही घेतली नव्हती. नऊ दिवसांनी नुसत्या काड्या उरल्या असत्या.

"मालक, थांबा," म्हणत ताईंनी शेडमधलं एक मेलेलं आणि एक जगलेलं रोप उचललं आणि दोन्हींच्या मातीच्या पिशव्या चाकूने फाडल्या. मेलेल्याची मुळं काळी, बुळबुळीत, नाक धरावं अशी. जगलेल्याच्या काळ्या मुळांना पांढरी, बारीक नवी मुळं फुटली होती.

"मुळांनाही हवा लागते," त्या म्हणाल्या. "मातीत पाणी तुंबलं की ती गुदमरतात, कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पान सुकतं. आपण त्याला तहान समजलो. पाणी थांबलं आणि मुळांना श्वास मिळाला, एवढंच झालं."

"ताई शिकलेल्या आहेत," बुवा हसून म्हणाले. "श्रद्धेचं त्यांना काय कळणार?"

ताई गेल्या आणि आपल्या खोलीमागे ठेवलेली बारा रोपं हातगाडीवर घेऊन आल्या. ही त्याच आजारी रांगांतली. ना दोरा, ना मंत्र. माणसांची सावली तर दिवसभर पडत होती, फक्त पाणी कुणाला घालू दिलं नव्हतं. बारापैकी दहा ताठ होती.

"आणि बुवा, पहिल्या दिवशी मंत्राआधी तुम्ही चार पिशव्यांत बोट खुपसलंत आणि झब्ब्याला पुसलंत. मी पाहिलं. माती चिखल झालीय हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"तोही विधीचाच भाग," बुवा पुटपुटले.

"मग चला, उतारावरही घाला बोट."

बुवांना एकदम दुसरीकडचं बोलावणं आठवलं. जाता जाता दोघीतिघी त्यांच्या पाया पडल्याच. वर मालक म्हणाले, "पाणी घालू, पण दोराही बांधू. त्यात काय बिघडलं?"

ताईंना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. "बांधा. मग रोपं जगली की पुन्हा दोऱ्याच्या पाया पडाल आणि पुढच्या वर्षी पुन्हा बुडवून माराल. अहो, बुवांचं ऐकू नका, माझंही नुसतं ऐकू नका. आधी मातीत बोट घालून बघा."

सगळे उतारावर गेले. पाणीवाले काका एका रोपापाशी गुडघे टेकून बसले आणि त्यांनी दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घातलं. बाहेर काढलं, तर कोरडी रेती झरझर गळून पडली.

"दोन महिने मी एवढंच करायला हवं होतं," ते म्हणाले आणि नळी ओढून आणायला उठले.