पलीकडून आलेली धूळ

सोमवारपासून मावशीच्या काचघराला टाळं लागणार, असं मामाने जेवताना सांगितलं आणि भिंगरीने हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

"ताई, तू काचा पुसत नाहीस. ऊन आत येत नाही, टोमॅटो हिरवेच राहतात. त्यापेक्षा खाणीवर ये," तो मावशीला म्हणाला.

"मी पुसत नाही? रोज नऊला हवाबंद पोशाख चढवून बाहेर लटकते! दुपारी बघावं तर पुन्हा सगळं मळलेलं."

"मग धूळ काय आभाळातून पडते?" मामा खाणीचा मुकादम, टोमणे मारण्यात त्याचा हात कोण धरणार!

भिंगरीच्या डोक्यात मात्र तो प्रश्न ठाण मांडून बसला. खरंच, पडते कुठून? इथे बाहेर हवाच नाही, मग वारा कुठला? आणि खाण तर या चिमुकल्या लघुग्रहाच्या पार पलीकडच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. तिने काळ्या ताटल्यांना तेल फासलं आणि मावशीसोबत बाहेर जाऊन दर अर्ध्या तासाला एक मांडली, आधीची उचलली. दहाला मामाचा सुरुंग उडाला. पायाखाली बारीक थरथर झाली. साडेदहाला आणि अकराला उचललेल्या ताटल्या लख्ख! साडेअकराची मात्र हिरवट धुळीने भरली.

दीड तास! भिंगरीने पायाजवळचा खडा जोरात भिरकावला. तो गेला, गेला, आणि क्षितिजाआड दिसेनासा झाला. खाली पडलाच नाही बाई! इथली ओढच इतकी कमी. मुलांना बाहेर चेंडू खेळायला बंदी का आहे, ते तिला आत्ता कळलं. खडा एवढा जातो, तर सुरुंगाची धूळ?

संध्याकाळी घरी मामाने ताटलीवरची धूळ चिमटीत चोळली. त्याचा चेहरा पडला. "तांब्याची आहे. माझ्याच खाणीतली. अर्धं जग ओलांडून आली की गं! आता वरच्या साहेबांना काय सांगू?"

"खरं सांग," मावशी म्हणाली. "जीभ रेटत नसेल तर हिला ने."

त्याने स्वतःच सांगितलं. सोमवारी काचघराला टाळं लागलं नाही. खाणीच्या तोंडावर जाड पत्र्याचं झाकण बसलं आणि मगच सुरुंग उडाला. बारा वाजले तरी काचा स्वच्छ! ऊन थेट पानांवर येऊन बसलं.

"खूश?" मामाने विचारलं.

"हो. पण मामा, इतकी वर्षं उडालेली बाकीची धूळ कुठे कुठे पडली असेल?"

मामाने कपाळाला हात लावला. मावशी मात्र ती शोधायला पोशाख चढवू लागलीसुद्धा.