दोरावरचा शेवटचा माणूस

घरसामान हलवणाऱ्या त्या टोळीत चार माणसं होती: मुकादम, लांब्या, डावरा आणि खुंटा. खुंटा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. जिन्यातून न उतरणारं कपाट खिडकीतून दोरानं खाली सोडायचं असलं, की दोराचं शेवटचं टोक पाठीमागून कमरेला घेऊन जो मागे रेलून बसायचा, तो हा. वजन एकशे अठ्ठेचाळीस किलो. वीस वर्षांत तो दोरावर बसला आणि जागचा हलला, असं एकदाही झालं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा दुसऱ्या कशाचाही नव्हता.

टोळीची कामाची एक रीत होती. खिडकीबाहेर लोखंडी दांडा काढायचा, त्याला कप्पी लावायची, कपाट दोराला बांधून तिघांनी मिळून, दोर न सोडता, बाहेर लोटायचं. कपाट चौकटीतून सुटलं, की मुकादम ओरडणार, "खुंट्यावर!" त्या क्षणी लांब्या आणि डावरा दोर सरळ सोडून द्यायचे. लांब्या खाली धरायला जिन्यानं धावायचा, डावरा खिडकीत उभा राहून काठीनं कपाट भिंतीपासून लांब ठेवायचा. सगळा भार एकट्या खुंट्यावर. तो पेलतोय की नाही हे मागे वळून कोणी बघत नसे. भिंत जागेवर आहे का हे आपण रोज बघतो का?

मग भिंतीचे गुडघे गेले. साखर वाढली, दोन जिने चढले की धाप, आणि झोपेत श्वास असा अडकायचा की बायको उठून त्याला हलवून जागं करायची. डॉक्टरांनी जठर कापून केळ्याएवढं ठेवलं. आठ महिन्यांत चौसष्ट किलो उतरले. उरले चौऱ्याऐंशी.

लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं म्हणजे सुटला. सुटला कसला! अर्धी वाटी जेवायला पंचवीस मिनिटं. जेवताना पाणी नाही, पाणी पिताना जेवण नाही. घास नीट चावला नाही तर छातीत असा दगड बसायचा, की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. केस गळले. भर उन्हात थंडी वाजायची. पोटाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबायची आणि तो ती पट्ट्याच्या आत खोचायचा. वर शेजारपाजारचे शहाणे होतेच. खालच्या मजल्यावरचे काका एकदा म्हणाले, "चाकूनं बारीक होण्यात कसलं आलंय कर्तृत्व!"

"काका, तुमचं अपेंडिक्स काढलं तेव्हा मी काही म्हणालो का? की ते तुम्ही पळून पळून घालवायला हवं होतं?"

काकांनी तेव्हापासून जिना बदलला. दुसरा जिना नव्हताच, पण याची चाहूल लागली की ते दार लावून घ्यायचे.

डॉक्टरांनी वजन उचलायची परवानगी दिली त्याच दिवशी खुंटा कामावर हजर झाला. मुकादम साठीचा, कोरडा, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "चार दिवस खोकी मोज."

"मुकादम, मी दोरावर बसायला आलोय. मी काही काचेचं भांडं नाही."

काम तिसऱ्या मजल्यावरचं होतं. शिसवी कपाट, आरशासकट एकशे वीस किलो तरी असेल. खुंटा आपल्या जागी जाऊन बसला, दोर कमरेमागून घेतला, मागे रेलला. सगळं नेहमीसारखं. कपाट चौकटीतून सुटलं, मुकादम ओरडला, "खुंट्यावर!" आणि लांब्या-डावऱ्यांनी वीस वर्षांच्या सवयीनं हात सोडले. यानंही वीस वर्षांच्या सवयीनं मान डोलावली.

चौघांतल्या एकालाही साधी वजाबाकी सुचली नाही. एकशे वीस खाली, चौऱ्याऐंशी वर. खुंटा बसल्या बसल्या फरशीवरून खिडकीकडे सरकत निघाला. त्याला आधी कळेचना की आपण हलतोय. हा अनुभवच नवा. मग त्याचे पाय खिडकीखालच्या भिंतीवर आदळले, डावऱ्यानं काठी टाकून झडप घातली, मुकादम दोराला लोंबकळला, आणि खाली पहिल्या मजल्याजवळ एक हिसका बसून कपाट थांबलं. आरसा गेला. घरमालकीण तोंडावर हात ठेवून उभी होती.

मुकादमानं त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता शेजारी बसला आणि म्हणाला, "चूक तुझी नाही रे. वजनाची आहे. उद्यापासून तू कपबश्या गुंडाळ."

खुंट्याला तिथंच रडू आलं. तो रडला नाही, पण बसला तसाच राहिला, दोरही कमरेचा काढला नाही.

तीन आठवडे तो कागदात कपबश्या गुंडाळत होता. दोरावर आता तिघं बसायचे आणि प्रत्येक कपाटाला तिघांच्या नाकी नऊ यायचे. एका दुपारी मुकादमानं त्याला बाजूला घेतलं. "एक सांगू? रागावू नको. सगळं नको, पण तीसेक किलो परत चढव. खाण्यापिण्याचा खर्च माझ्याकडून. एकशे पंधरा झालास, की दोर तुझा. तुझ्याशिवाय टोळीला टोळीपण नाही."

त्यात प्रेम होतं, हेच वाईट. लांब्यालाही तेच प्रेम अनावर झालं आणि दुसऱ्या दिवशी तो आइस्क्रीमचा मोठा डबा घेऊन आला. "वितळून सरळ आत जातं म्हणतात. चावायला नको, अडकायला नको."

हे खुंट्यालाही ठाऊक होतं. ऑपरेशन केलेल्या प्रत्येकाला ही चोरवाट ठाऊक असते. तो गुंडाळलेल्या गाद्यांवर बसला आणि चमचा हातात घेतला. त्याला दोर हवा होता. दोरासाठी तो सहा चमचे खाऊन गेला. पंधरा मिनिटांत कपाळावर घाम फुटला, काळीज धडधडायला लागलं, पोटात पीळ पडला आणि तो गाद्यांवर आडवा झाला. लांब्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो याला वारा घालत, "मी गाढव आहे, मी गाढव आहे," असं म्हणत राहिला.

अर्ध्या तासानं घाम ओसरला आणि त्या जागी राग आला. बेभान, लख्ख राग. आठ महिने घास मोजून खाल्ले, रात्री पहिल्यांदा सरळ झोप लागायला लागली, मुलीच्या शाळेचे तीन जिने न थांबता चढला, आणि हे सगळं एका कपाटासाठी परत द्यायचं? दोरही सोडायचा नाही आणि एक किलोही चढवायचा नाही, असं त्यानं तिथंच गादीवर पडून ठरवलं. दोन्ही कसं जमणार हे मात्र त्याला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती शिवणकाम करायची. आठ महिन्यांत याच्या पँटी तिनं चारदा आत घेतल्या होत्या. तिनं मशीन थांबवलं. "तो डबा कुठाय?"

"लांब्यानं फेकला."

"वाचला लांब्या. आणि तुम्ही ऐका. परत एकशे पंधरा झालात, तर पँटी तुम्हीच उसवायच्या. मी सुईला हात लावणार नाही."

रविवारी दुपारी खुंटा जिन्यात उभा राहून विचार करत होता. दोर हातात होता, कारण विचार करताना त्याला दोर हातात लागायचा. जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक गोल लोखंडी खांब होता. नदीच्या धक्क्यावर नावाडी भरलेली नाव खांबाला नुसते दोन वेढे घालून कशी थोपवतो, ते त्यानं शंभरदा पाहिलं होतं आणि शंभरदा पुढे निघून गेला होता. त्याला काय त्याचं! त्याच्याकडे एकशे अठ्ठेचाळीस किलो होते.

शेजारच्या बांधकामावरून त्यानं वाळूची दोन पोती मागून आणली, जिन्याच्या पोकळीत टांगली, खांबाला दोराचे तीन वेढे घातले. मग बायकोला हाक मारली आणि टोक तिच्या हातात दिलं.

"सोडलं तर?"

"सोडू नका म्हणजे झालं, बाईसाहेब."

तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं, मग एकाच हातानं, मग नुसत्या दोन बोटांनी. ऐंशी किलो वाळू हवेत गपगार लटकली होती. तिनं बोटं जरा सैल केली, पोती वीतभर उतरली; आवळली, थांबली. ती पोत्यांकडे बघत राहिली आणि मग नवऱ्याकडे वळली.

"मग इतकी वर्षं एवढं अंग कशाला वागवलंत हो?"

ती चेष्टेनं म्हणाली, पण खुंटा खालच्या पायरीवर बसला. आपण जाड होतो म्हणून टोळीला हवे होतो, आणि टोळीला हवे होतो म्हणून जाड राहायला आपली हरकत नव्हती. हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. आता त्यानं ते बायकोला जसंच्या तसं सांगितलं. ती शेजारी येऊन बसली. दोर तिच्या दोन बोटांत होता तो होताच.

बुधवारी दातांच्या डॉक्टरचा दवाखाना हलवायचा होता. चौथा मजला. जुनी खुर्ची, ओतीव लोखंडी बैठकीची, एकशे नव्वद किलो. दोन वाजता किल्ल्या द्यायच्या होत्या; गल्ली अरुंद म्हणून क्रेन आत येईना. मुकादम खिडकीतून खाली बघत होता आणि त्याचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता. खुंटा कोपऱ्यात औषधांच्या बरण्या गुंडाळत होता. त्यानं हातातली बरणी खाली ठेवली.

"मुकादम, मी उतरवतो."

"बस गप. हिला तर तू जुना असतास तरी पुरला नसतास."

"म्हणूनच म्हणतोय."

प्रतीक्षा करायच्या खोलीत मधोमध गोल लोखंडी खांब होता. खुंट्यानं तो हातानं चाचपला, बुंध्याशी कान लावून ठोकला आणि दोराचे चार वेढे घातले. टोक एका हातात घेतलं, दुसरा हात कमरेवर. "ओढा. तिघंही."

मुकादम हसला. मग तिघांनी ओढलं. लांब्या लाल झाला, डावऱ्याच्या चपला फरशीवर घसरल्या, मुकादमानं दात-ओठ खाल्ले. खुंटा उभाच. त्यानं मध्येच जांभई दिली. ती खरी नव्हती, पण इतके दिवस कपबश्या गुंडाळल्यावर माणसाला तेवढा हक्क असतो.

मुकादम धापा टाकत म्हणाला, "खुर्ची पडली तर मी संपलो."

"माझ्या हातून एकदा सुटलंय. मला विसर पडलेला नाही. म्हणून तर चौथा वेढा."

मुकादमानं घड्याळ पाहिलं. "ठीक. पण डावरा तुझी कंबर धरून बसेल."

खुर्ची फळ्यांवरून खिडकीत चढवली. लांब्या खाली गेला, मुकादम काठी घेऊन खिडकीत उभा राहिला. खुर्ची चौकटीतून सुटली आणि दोर कर्रकन वाजला. वेढ्यांनी भार घेतला. खुंट्यानं मूठ केसभर सैल केली. खुर्ची उतरू लागली. पण डावऱ्यानं मागून त्याचा पट्टा धरला होता, आणि भीतीनं तो प्रत्येक वेळी मागे खेचत होता. त्यानं खुंट्याचा हात हलायचा, आणि खाली खुर्ची हिसके खायची.

"कंबर सोड," खुंटा म्हणाला.

"मुकादमांनी सांगितलंय."

"मी पडणार नाही. आणि तू खेचतोयस ती माझी कातडी आहे. दुखतंय मला. सोड."

डावऱ्यानं खिडकीकडे पाहिलं. काठी हातात धरून मुकादम खुंट्याच्या बारीक मनगटांकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत नुसती भीती होती. मग त्यानं मान हलवली. डावऱ्यानं बोटं काढून घेतली.

आता खुंट्याच्या मागे कोणी नव्हतं. दोर वेढ्यांतून सरकत राहिला, वीत, हात, वाव, आणि तळहातातून त्याला खालची खुर्ची कळत होती: ती कुठं डुलली, कुठं वारा लागला, कधी पहिला मजला गेला. हे कळणं चरबीतलं नव्हतंच कधी. त्याचा हात स्वस्थ होता.

"टेकली!" खालून लांब्याचा आवाज आला. "अरे, आवाजसुद्धा नाही! टेकली!"

मुकादम खिडकी सोडून आत आला. खांबाला हात लावून पाहिला, तो गरम होता. मग तो खुंट्यासमोर उभा राहिला. "उद्यापासून दोर तुझा. पण माझ्या जिवाला घोर नको. दहाच किलो वाढव. दहाच."

"नाही."

"पाच?"

"मुकादम, एक ग्रॅमही नाही. दोर माझा म्हणालात ना? मग तो एवढ्याच माणसाला द्यायचा. परवडत असेल तर सांगा, नाहीतर मी निघालो."

मुकादम वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे मान वर करून बघत होता, कारण खुंटा पहिल्यांदाच उभा राहून काम करत होता. बसलेला असताना तो इतका उंच आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आत अजून एक्स-रेचं यंत्र आहे," मुकादम शेवटी म्हणाला. "दीडशे किलो."

"आणा," खुंटा म्हणाला आणि खांबाला पहिला वेढा घातला.